जपानी कपांतली बाई

कर्णिकांकडे चांगले कप नव्हते. होते त्यांतल्या दोनांचे कान तुटलेले. म्हणून गुप्ते मंडळी मुलगी बघायला येणार म्हटल्यावर वसुधाबाई वरच्या मजल्यावर एथेलकडे गेल्या. अंधेरीजवळ चकाल्याच्या गावठाणात एथेलच्याच घरात कर्णिक नऊ वर्षं भाड्याने राहत होते. तिचा नवरा सेबॅस्टियन बोटीवर कामाला होता. गेल्या फेरीत त्याने जपानहून सहा कप-बश्या आणल्या होत्या. बाहेरून करडा रंग, त्यावर हाताला लागणारा उठावाचा ड्रॅगन, आणि चिनीमाती इतकी पातळ की कप हातात आहे की नाही कळू नये.

"ने गो, ने," एथेल म्हणाली. "पोरीचं काम आहे. फक्त विसळताना जपून."

कपात आणखी काय आहे ते सांगायचं तिच्या लक्षातच आलं नाही.

वसुधाबाईंची मुलगी अनुपमा चोवीस वर्षांची होती. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तिला नोकरी लागून तीन वर्षं झाली होती. याआधी तीन स्थळांनी नकार कळवला होता, त्यातल्या एकाने चष्म्यामुळे.

गुप्ते चेंबूरहून आले. आई, वडील आणि मुलगा चंद्रप्रकाश. वडिलांनी चहा बशीत ओतून घेतला. चंद्रप्रकाश कपानेच प्यायला. शेवटचा घोट घेताना कप खिडकीकडे झाला आणि तो थांबला.

"अरे वा! यात बाई आहे की!"

कपाच्या बुडाशी, उजेड आरपार आला की, एका जपानी बाईचा चेहरा दिसत होता. केसांचा अंबाडा, बारीक डोळे. सगळ्यांनी आपापले कप उजेडात धरून पाहिले. चंद्रप्रकाशने पुन्हा कपात पाहिलं, मग अनुपमाकडे, मग परत कपात.

"या बाईचं नाक मात्र सरळ आहे," तो आईला म्हणाला.

"लहानपणापासून असाच चौकस," आई हसत म्हणाली.

"पण कपातलीला स्वयंपाक येत नाही रे!" गुप्ते म्हणाले. सगळे हसले. अनुपमाचे वडील अनंतरावही हसले. अनुपमाने कप एकेक करून तबकात ठेवले आणि ती आत गेली.

चौथ्या दिवशी पोस्टकार्ड आलं. मुलगी पसंत होती.

"मला नको," अनुपमा म्हणाली.

"अगं, एवढ्यावरून कुणी स्थळ मोडतं का?" वसुधाबाईंचा आवाज चढला. "थट्टा केली त्याने!"

"थट्टा असेल. मला नाही चालली."

"सगळेच हसत होते गं."

"हो. बाबाही."

  रविवारी दुपारी अनंतराव कोरं कार्ड घेऊन टेबलाशी बसले आणि त्यांनी तिला हाक मारली.

"पत्रिका जुळत नाही असं लिहितो."

"जुळते म्हणून तुम्हीच कळवलंय त्यांना."

"मग काय लिहू?"

"मुलीला मुलगा पसंत नाही."

"असं कुणी लिहितं का?"

"आपल्याला तिघांनी लिहिलंच ना, बाबा."

अनंतरावांनी टाकातली शाई झटकली. पहिलं कार्ड फुकट गेलं. दुसऱ्यावर त्यांनी तिने सांगितलेलंच वाक्य लिहिलं, खाली सही केली आणि शर्ट चढवून स्वतः अंधेरीच्या पोस्टापर्यंत चालत जाऊन ते टाकून आले.

गुप्त्यांनी ही गोष्ट नात्यागोत्यात सगळीकडे पसरवली. दोन वर्षं एकही स्थळ आलं नाही. वसुधाबाई महिनाभर अनुपमाशी कामापुरतंच बोलत होत्या. पुढच्या वैशाखात मुलुंडला एका लग्नात, जेवणाच्या पंगतीत, अनंतरावांच्या शेजारच्या गृहस्थांनी विचारलं, "चेंबूरचं स्थळ का हो फिसकटलं?"

"आमच्या मुलीला मुलगा पसंत पडला नाही," अनंतराव म्हणाले.  मग त्यांनी वाढप्याकडे आणखी मठ्ठा मागितला.

एकोणसाठ साली अनुपमाने तिच्याच एक्स्चेंजमधल्या दशरथ राजे नावाच्या माणसाशी लग्न केलं. ठरल्याचं तिने घरी सांगितलं तेव्हा अनंतरावांनी एकच विचारलं, "तुझं तू बघितलंयस ना नीट?"

"बघितलंय," ती म्हणाली.