जास्तीचा पाइप

हे घर बांधलं तेव्हा वायरिंग मी स्वतः केलं. एकतीस वर्षं वायरमन होतो, घरचं काम दुसऱ्याच्या हाती कशाला देईन? प्रत्येक खोलीत विजेच्या पाइपाशेजारी एक रिकामा पाइप भिंतीत गाडून ठेवला, पुढेमागे लागला तर असावा म्हणून. बायको हसायची. म्हणायची, घरात कपाटाला जागा नाही आणि तुम्ही भिंतीत पोकळ्या पेरताय.

त्यामुळे मुलाने घरभर नेटची केबल टाकायचं काढलं तेव्हा माझी कॉलर ताठ झाली. केबलवाला आला तो भिंतींवरून पांढऱ्या पट्ट्या ठोकायच्या तयारीने. मी त्याला जिन्याखालचा डबा उघडून दाखवला. सगळे रिकामे पाइप तिथे येऊन मिळतात. केबलवाला चाळिशीचा, मोजकं बोलणारा माणूस. आत टॉर्च मारून म्हणाला, असं काम आता कुणी करत नाही. खोटं कशाला सांगू, तेवढ्यावर मी सकाळभर त्याच्या मागे मागे फिरलो. सूनबाईने दोनदा सांगितलं, बाबा, बसा जरा. बसतोय कसला.

चार ठिकाणी केबल जायची होती आणि त्यात माझी खोलीही होती. परदेशातल्या नातीशी बोलताना माझा फोन अडखळतो, हे मी मुलाला कितीदा सांगितलं होतं. म्हटलं, उशिरा का होईना, कानावर गेलं पोराच्या.

दुपारपर्यंत तीन केबली आत गेल्या. ओढायच्या आधी केबलवाला दोन्ही टोकांना चिकटपट्टी गुंडाळून त्यावर खोलीचं नाव लिहायचा, म्हणजे मागाहून डब्यात गोंधळ होत नाही. आम्हीही तसंच करायचो. हॉल, बेडरूम, मुलांची खोली. चौथ्या केबलच्या टोकावर त्याने लिहिलं, ऑफिस.

मी म्हटलं, चुकलात, या घरात ऑफिस नाही. त्याने मोबाइल काढून मुलाने पाठवलेली यादी पुढे धरली. शेवटच्या ओळीत होतं, ‘ऑफिस, म्हणजे सध्या बाबा झोपतात ती खोली.’ मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. सध्या! माझी रवानगी कुठे होणार ते लिहिलेलं नव्हतं. बरोबरच आहे, यादी केबलची होती.

मी पलंगावर बसलो. माझी खोली जाणार होती आणि ती घालवायला मीच सकाळपासून बॅटरी धरून उभा होतो. केबलवाला काय समजायचं ते समजला. केबल ओढता ओढता भिंतीतल्या वळणावर अडकली, तसा तो माझ्याजवळ आला.

“काका, पाइप बंद आहे असं सांगतो त्यांना,” तो हळूच म्हणाला. “भिंत फोडावी लागेल म्हटलं की लोक नाद सोडतात.”

मी मान हलवली. लाज वाटली, पण हलवली.

मुलाला बोलावलं. केबलवाल्याने चेहरा निर्विकार ठेवून सगळं सांगितलं, भिंत फोडा, आठ दिवस धूळ खा, मग प्लास्टर. सूनबाई लगेच म्हणाली, नकोच ती फोडाफोड, आहे तसं राहू दे. झालं होतं माझं काम. मी फक्त तोंडाला कुलूप लावायचं होतं.

मुलाने सुस्कारा टाकला. “मला वाटलंच होतं. बाबांनी हौसेने केलंय सगळं, पण शेवटी काम कच्चंच.”

केबलवाल्याने माझ्याकडे पाहून डोळ्यांनीच गप्प बसा म्हटलं.

“कच्चं?” मी म्हणालो. “माझा एक पाइप बंद दाखव.”

मग मी कुणाला आवरलो नाही. मोरीतून साबणाचं पाणी आणलं. अडकलेली केबल मागे घेऊन तिचं टोक पाइपातून ओढायच्या तारेला नीट सपाट बांधलं, वर साबण चोपडला, केबलवाल्याला डब्यापाशी बसवून म्हटलं, मी सांगेन तेव्हा ढकला. त्याने एकदा विचारलं, नक्की ना? मी ओरडलो, ढकला! खोलीतून तारेला दोन हिसके दिले आणि तिसऱ्याला केबल सुळकन माझ्या उशाशी बाहेर आली. अडकायचं कारणच नव्हतं. वळणही मी हाताने, अंदाज घेत घेत दिलेलं होतं.

मी विजयाने मागे वळलो आणि मुलाचा खुललेला चेहरा पाहिला. काय करून बसलो ते तेव्हा कळलं.

“बघा, तुम्ही होतात म्हणून झालं,” तो म्हणाला आणि त्याच दमात पुढे, “टेबल रविवारी येतंय. तोवर कपाट रिकामं होईल ना? तुमची हॉलमध्ये सोय करू. टीव्ही समोरच आहे.”

केबलवाला परत येऊन टोकाची जोडणी करत होता. त्याने मान वर केली नाही.

“होईल,” मी म्हणालो. “अर्धवट काम मी कधी ठेवलेलं नाही.”