लई मोठी भरती

युद्ध पेटलं होतं. बीडकडच्या नांदूरघाटच्या सुंदररावांचा थोरला रविराज कोकणात, किनाऱ्यावरच्या तोफेवर होता. धाकटी स्वप्नाली वर्षभर रानात पळत होती, पण फौजेचं नाव काढलं की सुंदरराव खेकसायचे, "पोरीनं चूल बघावी."

ओसरीवर फोन वाजला. शेजारी जमले. स्पीकरवर रविराज ओरडला, "आबा, तोफा तयार हायत! सांजच्याला लई मोठी भरती हाय!"

सुंदररावांची छाती फुगली. "स्वप्ने, बूट घाल! भरती निघाली, तू बी जा!"

फोनवरनं रविराज हसला, "आबा, समुद्राची भरती! पाणी चढलं की दुश्मनाच्या बोटी आत घुसतेत."

ओसरी खदखदली. बीडला रेल्वे दाखवायला सरकारनं पिढ्या घालवल्या, समुद्र कोण दाखवणार?

स्वप्नालीनं बूट कवाच चढवले होते. "आबा, पाणी उतरंल. तुमचा शब्द?"

"न्हाई उतरायचा. पळ!"