उभ्या गाडीतला उजेड

कार्बनचा तो तुकडा नखाएवढाच उरला होता — मेकॅनिक विकासने फियाटचा जुना डायनमो खोलून तो शेखरच्या तळहातावर ठेवला तेव्हा त्याचं वजनसुद्धा जाणवलं नाही, फक्त बोटं काळी झाली.

"पार झिजलाय," विकास म्हणाला. "अन् नवा टाकला तरी डायनमोच त्यो. इंजिन पळतंय तवर वीज. गाडी हुबी ऱ्हायली की दिवे पिवळे."

मागच्या पावसाळ्याआधी, उरवड्याच्या याच शेडमध्ये, विकासने हेच सांगितलं होतं, आणि आशालता म्हणाली होती, मग बसवून टाका ना तो उभ्या गाडीतही वीज देणारा अल्टरनेटर. शेखरने बायकोचं बोलणं हसण्यावारी नेलं होतं. चौसष्ट सालची फियाट. तिच्यात जे आहे ते तसंच राहील... तसंच राहील. किती सहज बोलतो माणूस.

दुपारपर्यंत अल्टरनेटर बसवून झाला. विकासने नवा पट्टा ताणला, इंजिन चालू केलं, हेडलाइट लावले. इंजिन संथ घुरघुरत होतं आणि समोरच्या पत्र्यावर दोन पांढरी वर्तुळं पडली होती, न थरथरता, न मंदावता — शेखरला ती बघवेनात.

"धरणाच्या पुढे जाऊन बघू," तो म्हणाला. "तिकडे धुकं असेल."

तिकडचं ते वळण विकासलाही ठाऊक होतं. तो हात पुसून शेजारी बसला.

पौड मागे पडलं, मुळशीचं धरण मागे पडलं, आणि तीन वाजताच रस्ता धुक्यात बुडाला. मागच्या पावसाळ्यातल्या त्या संध्याकाळीही असंच... दिवे मंदावले तेव्हा आशालता मोबाईलचा टॉर्च लावून खाली उतरली, मी पुढे चालते, तुम्ही माझ्यामागून या — आणि चालू लागली. आधी तिची पाठ दिसत होती, मग नुसता टॉर्च, आणि दिवे अगदीच विझायला आले म्हणून त्याने ॲक्सिलरेटर दाबला, उजेडासाठी, फक्त उजेडासाठी, क्लच दाबलेलाच होता — होता ना? गाडीने हिसका दिला होता का? दिवे उजळले तेव्हा रस्ता रिकामा होता. पाय घसरून दरीत पडल्या, असं पंचनाम्यात लिहिलं गेलं. शेखरने खाली सही केली. मी सही केली... मला कुणी काही विचारलंच नाही.

वळणावर त्याने गाडी थांबवली. पहिला गिअर तसाच, डावा पाय क्लचवर. दिवे जराही उतरले नाहीत. धुक्याच्या आत, दूरवर, रस्त्याची ओली कड स्वच्छ दिसत होती.

बराच वेळ गेला.

"साहेब, पुढं कुनी न्हाई. घ्या की गाडी."

"थांब जरा. तिला पुढे जाऊ दे."

आपण काय बोललो ते शेखरला नंतर ऐकू आलं. विकास काचेतून समोर बघत राहिला, आणि त्याचा हात हळूच दाराच्या कडीवर गेला.

वर्षभर शेखर अंधाराला भीत आला होता. आता इतका लख्ख उजेड होता, आणि भीती तिथून निघून त्याच्या मांडीतून खाली, डाव्या पायात उतरत होती. पाय दाबलेला आहे, तो स्वतःला सांगत होता, पूर्ण दाबलेला आहे... पण गुडघ्याखालचं काहीच आता त्याला आपलं वाटेना.