गडग्याबाहेरची फांदी

रोपवाटिकेतल्या सदूनं मातीचं ढेकूळ तळहातावर घेतलं, पाण्याचे चार थेंब शिंपडले आणि वळत वळत त्याची करंगळीएवढी वळी केली. वळी वाकवली, तरी तुटली नाही.

"काका, ही भातशेतातली चिकण माती. कुणी आणायला सांगितली?"

"लोक म्हणाले, सुपीक असते."

"भाताला हो! ह्यात गुलाब कुजणार नाय तर काय? ह्याचे गणपती करा, रंगवून मी देतो."

लवू नागवेकरांना हसू आलं नाही. बत्तीस वर्षं बोटीवर काढलेला माणूस, त्यांना मातीतलं काय कळणार! मांडवीच्या घरापुढचा, दगडी कुंपणाच्या गडग्याआतला तो चार हातांचा वाफा सगळा सावित्रीचा. तिथं तगर होती, अबोली होती, जास्वंद होती. रोज उजाडता उजाडता समोरची जनी परडी घेऊन यायची, देवापुरती फुलं तोडायची, आणि मग दोघींच्या गप्पा. लवूकाका आत पांघरूण डोक्यावर ओढून चरफडायचे, की मेल्या बायका झोपू देत नाहीत.

सावित्री गेली आणि तेरावं झाल्यावर दुसऱ्याच सकाळी जनी फुलांना आली. त्यांच्या वाडीत देवाची फुलं न्यायला कुणी कुणाला विचारत नाही. पण खिडकीतून तगरीत शिरलेला हात दिसला आणि लवूकाकांचं डोकं फिरलं. "मालकीण गेली म्हणून बाग बेवारस झाली काय?" असं ते ओरडले. जनीनं तोडलेली फुलं पायरीवर ठेवली आणि गेली. तेवढ्यावर थांबावं की नाही? पण नाही. त्यांनी झाडं उपटली, नवी माती भरली, काटेरी गुलाब लावले. त्या दिवसापासून फाटकाची कडी वाजली नव्हती.

मध्यंतरी मासळीबाजारात जनी समोर आली होती. "वैनी, चुकलं माझं" एवढंच त्यांना म्हणायचं होतं. तोंडातून निघालं, "बांगडा कसा मिळाला?" तिनं भाव सांगितला आणि पुढे गेली. घरी येऊन लवूकाकांनी स्वतःला चार शिव्या हासडल्या.

"शोभेला पायजे की देवाला?" सदूनं विचारलं. "सोनटक्का न्या, कर्दळ न्या. असल्या मातीत दोन्ही मजेत राहतात."

"गडग्यावरून बाहेर झुकेल असं काय आहे?"

"बाहेर? अहो, येणारेजाणारे सगळी फुलं नेतील! गेल्या साली तुम्हीच तर काटे मागत होतात."

"झुकेल असं सांग तू."

सदू आतून कमरेएवढी तांबडी जास्वंद घेऊन आला. "वाफा वीतभर उंच करा. जांभ्या दगडाची बारीक खडी नि शेणखत मिसळा. आणि माती ओली असताना कुदळ घालायची नाय हां. दगड होऊन बसते मग."

श्रावणात चार दिवस उघडीप मिळाली तेव्हा लवूकाकांनी सांगितलं तसं सगळं केलं. जास्वंद दगडी गडग्याला अगदी खेटून लावली आणि तिची एक लांब फांदी सुतळीनं हलकेच बाहेर वळवली. मागे सोनटक्का लावला. वाफ्याचा एक कोपरा तेवढा रिकामा राहिला.

रोज पहाटे ते दाराआड कोरा चहा घेऊन बसायचे. फुलं उमलायची, संध्याकाळी मिटायची आणि गळायची. ती वेचताना त्यांना भारी एकटं वाटायचं. सावित्रीच्या आजारपणातही इतकं वाटलं नव्हतं.

गणपतीच्या तोंडावर एके सकाळी पावलं वाजली आणि गडग्यापाशी थांबली. लवूकाकांनी श्वास रोखला. नेमका तेव्हाच मेला खोकला उसळून आला. त्यांनी पंच्याचा बोळा तोंडात कोंबला, डोळ्यांत पाणी आलं, तरी खोकला फुटायचा तो फुटलाच.

बाहेर सगळं चिडीचूप झालं. गेली ती, लवूकाकांच्या मनात आलं.

"लवूभावजी," जनीचा आवाज आला, "त्या कोपऱ्यात अडुळसा लावा की. काढा घेतलात तर छाती मोकळी होईल. आमच्याकडची फांदी उद्या आणून देते."

त्यांना काय काय बोलायचं होतं. "या," एवढंच कसंबसं म्हणाले.

दार उघडेपर्यंत ती गेली होती. बाहेरच्या फांदीवरची बाकी फुलं तिनं नेली होती; एक मात्र सावित्रीसाठी म्हणून की काय, राखलं होतं. किल्ल्याकडून आभाळ भरून येत होतं आणि दोन-चार थेंब पडलेही. लवूकाका लगबगीनं आत गेले, खुंटीवरची छत्री काढली, उघडली आणि उद्या कुदळ घालायच्या त्या रिकाम्या कोपऱ्यावर नेऊन धरली. वाऱ्यानं उडू नये म्हणून दांड्याला दगड लावले.

मग ते भिजतच फाटकापाशी गेले आणि कडी काढून ठेवली.