एकही फोन आला नाही

मी टेकडीवरच्या पत्र्याच्या खोलीतला जुना ट्रान्समीटर. बोलणे हेच माझे काम. पण सोळा वर्षे मी जे बोललो ते सारे दुसऱ्यांचे. हे तेवढे माझे.

आमचे दूरचित्रवाणी केंद्र लहान, अल्प शक्तीचे. मिशिगनच्या उत्तर टोकाला, सरोवराकाठच्या या बंद खाणींच्या गावापलीकडे माझा आवाज फारसा पोचत नसे. शाळेचे हॉकीचे सामने, रविवारची उपासना आणि रोज दुपारी बाराला निधनवार्ता: गेलेल्या माणसाचा फोटो, अंत्यविधीचा दिवस, मागे ऑर्गनवर एक स्तोत्र. ज्या घरांपर्यंत केबल कधी गेलीच नाही, तिथल्या म्हाताऱ्यांना कोणाला निरोप द्यायचा आहे हे माझ्याकडूनच कळे.

मला सांभाळणारा रेनो कांगास. चालू असताना मी तापतो, माथ्यावरच्या जाळीतून गरम वारा सोडतो. रेनो तिथे ओले हातमोजे वाळवी आणि दुपारची मांस-बटाट्याची पेस्टी गरम करी. माझ्या थकव्याचा एवढाच कोणाला उपयोग होता.

या लोकांची एक रीत मी दीर्घकाळ पाहिली आहे. त्यांचे पणजे फिनलंडहून खाणीत उतरायला आले आणि येताना काही न मागण्याची सवय सोबत घेऊन आले. शेजाऱ्याच्या दारातला बर्फ ते न सांगता उपसतील. स्वतःचे अडले तर मात्र तोंड उघडणार नाहीत. मागणे म्हणजे दुसऱ्याचा खोळंबा करणे, ही त्यांची दृढ समजूत.

गेल्या हिवाळ्यात केंद्राच्या मालकीणबाई कार्लीन साल्मेला यांनी नव्या पिढीचे डिजिटल प्रक्षेपण आणले. चित्र अधिक स्वच्छ, टेकडीआडच्या घरांतही स्थिर. परंतु जुन्या टीव्हीला ते उमगत नाही. त्याला एक छोटा डबा जोडावा लागतो; डबा असला तरी माझे जुने प्रक्षेपणही दिसते. अँटेना एकच, त्यामुळे एका वेळी एकतर नवे यंत्र, नाहीतर मी. महिनाभर पडद्यावर सूचना फिरली: डबे ग्रंथालयात आहेत, ज्याला हवा त्याने न्यावा.

मोजके डबे गेले. चाळीस तसेच पडून राहिले. प्रत्येकाला वाटले, आपल्यापेक्षा गरजू कोणी असेल.

मला बंद केले त्या दिवशी, खरे सांगतो, सुटल्यासारखे वाटले. कार्लीन संध्याकाळपर्यंत फोनपाशी बसून होत्या. एकही फोन आला नाही.

"बघ रेनो, उगाच घाबरत होतास. सगळ्यांचं जमलं."

तीन आठवड्यांनी इर्या नावाची वृद्धा वारली. चर्चच्या तळघरात साठ खुर्च्या मांडल्या होत्या, कॉफी उकळून तयार होती. आली अकरा माणसे. रेनोने टेकडीवर येताच आपल्या आत्याला फोन लावला. लेम्पीआत्या म्हणजे इर्याची सत्तर वर्षांपासूनची मैत्रीण.

"आत्या, इर्याच्या अंत्यविधीला का नाही आलीस?"

"इर्या गेली?"

"अगं, बाराला दाखवलं होतं की!"

"माझ्याकडे तीन आठवडे काळंच दिसतंय. रोज बाराला लावून बसते, आलं का बघते."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तू वर बर्फ उपसत असशील. एका म्हातारीच्या टीव्हीपायी तुला कशाला छळायचं?"

रेनोने फोन ठेवला आणि मला पुन्हा जोडायला घेतले. कार्लीन धावत आल्या.

"अरे, पण कोणी तक्रारच केली नाही!"

"बाई, ही आपली माणसं. घर पेटलं तरी आधी बघतील, बंबवाल्यांचं जेवण झालंय का!"

त्या हसल्या नाहीत. खाली जाऊन त्यांनी ग्रंथालयातले सारे डबे आपल्या गाडीत भरले.

थकलेले माझे भाग पुन्हा तापले. पहिल्याच दुपारी इर्याचा फोटो परत दाखवला आणि पुढच्या रविवारी तिच्यासाठी पुन्हा कॉफी ठेवली; त्या वेळी खुर्च्या कमी पडल्या. मग महिनाभर मी बोलत राहिलो आणि ती दोघे दारोदार डबे बसवत राहिली. लेम्पीआत्या म्हणे, "आधी बाकीच्यांकडे." म्हणून तिचे घर शेवटचे. ते आज.

कार्लीन तिच्याकडे डबा जोडून परतल्या. बाराला पाच मिनिटे असताना रेनोने आत्याला फोनवर बजावले, "दिसलं नाही तर फोन कर."

"आणि दिसलं तर?"

"तरी कर."

त्याने माझ्या पाठीवर हात ठेवला, कळ खाली ओढली. नवे यंत्र चालू झाले. बारा वाजले. बारा वाजून दोन मिनिटांनी फोन खणखणला.

"रेनो, दिसतंय. एवढंच सांगायचं होतं. ठेवते."

तो भिंतीकडे तोंड करून कितीतरी वेळ उभा आहे. माझा पंखा थांबला. आता मला पुन्हा उठवू नका. माथ्यावर त्याची पेस्टी तशीच आहे. मी गार होण्याआधी त्याने ती खावी, इतकेच मागणे.