वळणबाबाच्या मुठीतली चावी

चढाच्या मध्यावर, जिथे रस्ता वळतो, तिथे दोन्ही कडांना माणसं दाटीवाटीने उभी होती. कुणी दुकान अर्धवट लावून आलं होतं, कुणी कडेवर पोर घेऊन. सगळ्यांचे डोळे खालून येणाऱ्या एका निळ्या ट्रककडे लागले होते. मालाने भरलेला ट्रक सपाटीवरून जोरात आला, चढाला लागला, आणि वळणाजवळ पोचताच जणू त्याच्यातला जीवच कुणी काढून घेतला. इंजिन चालू होतं, पण चालवणाऱ्याने पाय कितीही दाबला तरी गाडी पुढे सरकेना. शेवटी ती कशीबशी कडेला लागली. ब्रेकमधली हवा फुस्स करून सुटली.

"उसासा टाकला बघा," गर्दीतली एक म्हातारी म्हणाली. ब्रेकची हवा जगातल्या प्रत्येक ट्रकची अशीच सुटते. पण तेव्हा हे बोलले असते तर लोकांनी मलाच वेड्यात काढलं असतं.

हा ट्रक माझ्या भाओजींचा. वर्षापूर्वी ह्याच वळणावर त्यांच्या छातीत कळ आली. त्यांनी गाडी नीट कडेला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं, ते कायमचंच. काही महिने ट्रक दारात नुसता उभा होता. मग भाओजींचा धाकटा भाऊ तो चालवू लागला, आणि तेव्हापासून भरलेला ट्रक ह्या वळणावर असा मरगळायचा. माझी ताई, म्हणजे भाओजींची बायको, कडेला हात जोडून उभी होती.

मग वळणबाबा आला. वळणावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये राहायचा म्हणून वळणबाबा. त्याआधी तो कोण होता, हे कुणी विचारलं नव्हतं. त्याने हात पसरला. धाकट्याने इंजिन बंद करून चावी त्याच्या तळहातावर ठेवली. बाबाने मूठ वळली, डोळे मिटले आणि सुरू केलं. चावी म्हणजे आत्म्याची नाळ, इंजिन म्हणजे काळीज, सायलेन्सर म्हणजे श्वास, आणि डॅशबोर्डवर पेटणारा पिवळा दिवा म्हणजे गेलेल्याचा उघडा डोळा. स्टेपनी म्हणजे काय, तेवढं सांगायचं राहिलं. बराच वेळ पुटपुटून त्याने मूठ उघडली आणि म्हणाला, "राग गिळला त्याने. चालव आता."

धाकट्याने चावी फिरवली. ट्रक जणू काही झालंच नाही अशा थाटात चढ चढून गेला. लोकांनी बाबाचे पाय धरले.

मी तंत्रशाळेत डिझेल इंजिन शिकवते. एरवी मला हसू आलं असतं. पण मी ताईकडे बघत होते. दिसेनाशा झालेल्या ट्रकच्या दिशेने ती तोंडातल्या तोंडात म्हणत होती, "चुकलं हो माझं."

भाओजी गेले त्या सकाळी दोघांचं भांडण झालं होतं. बऱ्याच दिवसांनी घरी आलेला माणूस लगेच दुसऱ्या फेरीला निघाला, एवढंच कारण. ताईने डबा भरला नाही. भांडी घासत पाठमोरीच राहिली. ते "येतो" म्हणाले, तिने ओ दिली नाही. नंतर रडताना तिने हे आल्यागेल्या प्रत्येकाला सांगितलं. त्यातलं कुणीतरी वळणावर चहाला थांबलं असणार, कारण बाबाने पहिल्याच भेटीत डोळे मिटून सांगितलं की तो उपाशी गेलाय, तुझ्यावर रागावून गेलाय, म्हणून पुढे जात नाही. असलं सांगायला अंतर्ज्ञान लागत नाही, कान लागतात.

ताईच्या मनात मात्र ते रुतून बसलं. रोज सकाळी ती ट्रकच्या खिडकीपाशी उभी राहून माफी मागायची, शेजारच्या सीटवर भरलेला डबा ठेवायची. संध्याकाळी तो तसाच परत आला की स्वतःही जेवायची नाही. तिचं अगदी चिपाड झालं होतं. इंजिनाला पाना लावायचा नाही, आत्म्याला जखम होईल, असं बाबाने बजावलं होतं. आणि आता नवी टूम निघाली होती: ट्रक कायमचा त्याच्या शेडसमोर उभा करायचा, म्हणजे गेलेल्याला शांती. घर त्याच ट्रकवर चालत होतं. धाकटा मला बाजूला घेऊन म्हणाला की वहिनीला दुखवायची त्याची छाती होत नाही, पण परवा चढावर गाडी अशी अचानक मंदावली तेव्हा मागून येणारी माणसांनी भरलेली बस हातभर अंतरावर थांबली.

मी ताईशी वाद घातला नाही. फक्त धाकट्याला म्हटलं, आम्हा दोघींना एकदा भरल्या गाडीतून फिरवून आण. शहराच्या दुसऱ्या टोकाला असाच उभा चढ आहे. भाओजी तिकडे कधी फिरकले नव्हते. तिथेही ट्रक मध्यावर तसाच गळाठला. मी ताईकडे बघितलं. ती शांतपणे म्हणाली, "ते गाडीतच आहेत ना गं. जिथे गाडी, तिथे ते."

पण मला एक कळलं होतं. प्रश्न त्या वळणाचा नव्हता, इंजिनावर येणाऱ्या भाराचा होता.

पुढच्या वेळी मी शाळेतला, गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे दाखवणारा स्कॅनर घेऊन वळणावर गेले. गर्दी होतीच. ट्रक थांबला, बाबाने हात पसरला. मी म्हटलं, "बाबा, आज चावी जागेवरच राहू द्या. इंजिन चालू ठेवून मंत्र म्हणा."

हे विधीत बसत नाही, असं तो म्हणू लागला. पण आत्म्याला चावीचं काय पडलंय, असं त्या म्हातारीनेच विचारलं, आणि त्याचा नाइलाज झाला. त्याने मंत्र म्हटला. घाम फुटेस्तोवर म्हटला. धाकट्याने गाडी गिअरमध्ये टाकली. तिच्यात जोर म्हणून नव्हता.

मग मी धाकट्याला इंजिन बंद करायला सांगून चावी पुन्हा अर्धी, म्हणजे नुसती वीज चालू होईल एवढीच, फिरवायला लावली, आणि बाबाला गप्प राहायला सांगितलं. स्कॅनरचा पडदा लोकांसमोर धरला. इंजिन बंद होतं, धुराचा पत्ता नव्हता, तरी पडद्यावर धुराचा दाब दिसत होता, तोही चढावर असावा तेवढा. लोकांच्या डोळ्यांदेखत आकडा हळूहळू उतरत गेला. तो तळाला लागल्यावर मी म्हटलं, चावी काढ, पुन्हा लाव, चालव. मंत्राविना, बाबाविना ट्रक चढून गेला.

वर सपाटीवर, इंजिन निवल्यावर, आम्ही केबिन पुढे कलती केली. धुराचा दाब मोजणारा सेन्सर अंगठ्याएवढा असतो. धुराच्या वाटेपासून त्याच्यापर्यंत एक बारीक पोलादी नळी जाते. ती सोडवून मी उजेडात धरली. पलीकडचं काही दिसेना. तार घातली तर काळ्या काजळीच्या ढेपा पडू लागल्या. महिनोन्‌महिने उभ्या गाडीत ती दगडासारखी घट्ट झाली होती. लोकांना मी तिथेच समजावलं. चढावर भार आला की धुराचा दाब वाढतो. नळी तुंबलेली, त्यामुळे तो दाब आत अडकून पडतो. सेन्सर तेच सांगत राहतो, गाडीच्या कॉम्प्युटरला वाटतं धुराची वाटच बंद झाली, आणि इंजिन वाचवायला तो ताकद काढून घेतो, पिवळा दिवा लावतो. गाडी बंद करून थांबलं की अडकलेला दाब काजळीतून झिरपून जातो, आणि चावी फिरवली की कॉम्प्युटर नव्याने बघतो. तेवढा थांबायचा वेळ म्हणजे बाबाचा मंत्र. वळणावर बसून त्याने गाड्या बंद पडताना आणि थांबून पुन्हा निघताना आयुष्यभर पाहिल्या होत्या.

बाबा म्हणाला, नळी सापडली तीही त्याच्याच कृपेने. म्हातारी म्हणाली, "मग काजळी पण मंत्रानेच काढायची होतीस." लोक हसले आणि पांगले.

मी नळी हवा मारून साफ केली, काजळलेला सेन्सर बदलला, दिवा घालवला. ताईला शेजारी बसवून आम्ही खालून पुन्हा चढ घेतला. वळण जवळ आलं तसा तिने डॅशबोर्डवर हात ठेवला. ट्रक वळणावरून सरळ पुढे गेला. ती मान वळवून मागे बघत राहिली.

"थांबले नाहीत," ती म्हणाली.

धाकट्याने गाडी बाजूला घेतली. ती उतरली, रस्त्याच्या कडेला बसली. तिने विचारलं, "म्हणजे ते रागावलेले नव्हते?"

"गाडी रागावत नाही, ताई. त्यांच्या मनात काय होतं ते मला माहीत नाही. बाबालाही माहीत नव्हतं."

"आणि मी रोज बोलत होते, ते कुणाशी?"

मी तिच्या शेजारी धुळीत बसले. भाओजींना नेलं त्या दिवशी ती रडली नव्हती इतकी ती तिथे रडली. धाकटा टायरकडे तोंड करून उभा होता.

लोक मला विचारतात, तिचा एवढा आधार कशाला काढून घेतलास? तो आधार नव्हता. बाबाने तिला रोज नव्याने गुन्हेगार ठरवलं होतं, आणि माफीची चावी स्वतःच्या मुठीत ठेवली होती. म्हणून सांगते, चमत्कार दिसला की लगेच हात जोडू नका. त्यातली एक गोष्ट बदला, मग पुन्हा बघा. बाबाला वगळा, मंत्र वगळा, आणि तरीही तेच घडतं का ते तपासा. आणि कुणाच्या घरातलं माणूस गेलं असेल, तर मागे राहिलेल्याजवळ तुम्ही जाऊन बसा. तुम्ही नाही बसलात तर कुणी ना कुणी वळणबाबा येऊन बसेल.

ताई आता कुणाची माफी मागत नाही. संध्याकाळी चार घास खाते, खाता खाता रडते. मी शेजारी बसलेली असते.