ताशी साठच्या वेगानं

बत्तीस वर्षं बस चालवली, एकदाही गाडीला ओरखडा नाही; पण विमानाला गडी जाम भ्यायचा. आता हे कबूल कोण करणार? मुलीनं 'इकडे या' म्हटलं की तो गुरगुरायचा, "ड्रायव्हरचं तोंड दिसत नाही असल्या गाडीत मी बसत नाही."

मुलगी दातांची डॉक्टर, पाच वर्षं समुद्रापलीकडे. घरात तिला ठकी म्हणत, आणि म्हणायला आता बाप एकटाच उरला होता. तीनदा ती तिकीट काढायला निघाली, तीनदा यानं मोडता घातला. मग तिनं विचारणंच सोडलं. रविवारी फोन यायचा. जेवलात का, गोळ्या घेतल्या का, बास. आणि तेव्हा कुठे म्हाताऱ्याचा जीव कासावीस झाला. घ्या! स्वतःच्या हातानं पायावर धोंडा पाडून घेतला, आता बोंब कुणाच्या नावानं मारायची?

मग त्यानं आपल्याला येत होतं तेच केलं. अंतर तेरा हजार किलोमीटर. ताशी साठ, दिवसाला आठच तास, कारण त्याहून जास्त स्टिअरिंगवर बसायचं नाही हा नोकरीतला नियम. म्हणजे सत्तावीस दिवस. एका सोमवारी तो निघाला. भिंतीवर जगाचा नकाशा लावला आणि रोज संध्याकाळी मुक्कामाच्या जागी टाचणी टोचू लागला. समुद्र आडवा आला तेव्हा त्यानं बस बोटीवर चढवली. वेग मात्र तोच ठेवला.

"काय भाऊ, कुठवर आलात?" शेजारीण विचारायची.

"वाळवंट लागलंय, वहिनी. पाणी भरून घेतलंय."

ती हसायची, तोही हसायचा. पण खरं सांगायचं तर रोज लेक थोडी जवळ आल्यासारखी वाटायची आणि त्याला दोन घास जास्त जायचे.

सत्ताविसाव्या दिवशी टाचणी तिच्या शहरावर बसली. शनिवार होता. रविवारपर्यंत त्याला दम निघेना, त्यानंच फोन लावला.

"बाबा? बरं आहे ना सगळं?" ठकी घाबरलीच.

"पोचलो," तो म्हणाला.

"कुठे?"

"तुझ्या गावात." आणि मग त्यानं नकाशा, टाचण्या, बोट, सगळं सांगून टाकलं.

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"मग बाहेर काय उभे राहिलात? वर या ना."

कागदावरच्या माणसाला जिना कसा चढता येणार?

"नाही गं येता येत, ठके. मला तुला बघायचंय. फार आठवण येते तुझी. तिकीट काढ."

"विमानाचं? सोळा तास लागतात, बाबा. मध्ये उतरता येत नाही. जमेल?"

"सत्तावीस दिवस गाडी हाकत आलोय मी तुझ्याकडे," तो रडत रडतच खेकसला, "सोळा तासांचं मला काय सांगतेस!"